दुखानचा परवाना

अरबी भाषेत ‘दुखान’ म्हणजे धूर. मराठी कानास मात्र हा शब्द ऐकताच दुखणेच आठवते, आणि ज्या तरुणाची ही हकीकत आहे त्यासही प्रथम तेच आठवले. कतारच्या पश्चिम किनाऱ्यावर, दोहा शहरापासून सुमारे ८० किलोमीटरांवर हे तेलाचे गाव वसले आहे. १९४० च्या सुमारास येथे तेल लागले, महायुद्धात काम बंद पडले, आणि १९४९ च्या अखेरीस येथील तेलाचे पहिले जहाज परदेशी गेले. तेव्हापासून देशोदेशीचे मजूर येथे येत आले आहेत.

हा तरुण रत्नागिरी जिल्ह्यातला. ज्या जिल्ह्यातून मॉरिशसच्या कित्येक मराठी घराण्यांचे मूळ पुरुष जहाजात बसले, तोच हा जिल्हा. त्याने रुग्णवाहिकेवरील तंत्रज्ञाचे शिक्षण घेतले होते आणि मुंबईस तीन वर्षे खाजगी रुग्णवाहिकेवर रात्रपाळ्या केल्या होत्या. परंतु त्याच्या विद्येस घरी नाव असे नव्हते. महाराष्ट्रात २०१४ साली ‘१०८’ ची सेवा सुरू झाली, तेव्हा तिच्या ९३७ गाड्यांवर डॉक्टर नेमण्यात आले. ही गोष्ट चांगलीच झाली; पण त्यामुळे तंत्रज्ञ हा डॉक्टरांचा मदतनीसच राहिला. अशा व्यवसायांची राष्ट्रीय नोंदवही असावी असा कायदा भारतात झाला तो २०२१ साली. तोवर गावी कोणी विचारले तर आई सांगे, “गाडीवर असतो.” लोक समजत, ड्रायव्हर आहे.

दुखानला तो आला तो एका ठेकेदाराच्या कोठाराचा कारकून म्हणून. व्हिसा त्याच कामाचा मिळाला. मनात मात्र रुग्णवाहिकाच होती. कतारात आरोग्य मंत्रालयाच्या परवान्यावाचून कोणासही रुग्णावर उपचार करता येत नाहीत. परवान्यासाठी प्रत्येक प्रमाणपत्राची खातरजमा ते देणाऱ्या मूळ संस्थेकडून व्हावी लागते. पूर्वीच्या नोकरीचा अनुभव, वर्तणुकीचा दाखला आणि प्राथमिक जीवरक्षणाचे चालू प्रमाणपत्र लागते. शिवाय संगणकावर परीक्षा. परीक्षेची त्यास धास्ती नव्हती. मिनिटास १०० ते १२० दाब, छाती किमान पाच सेंटिमीटर खाली गेली पाहिजे, तीस दाबांमागे दोन श्वास, हे त्याच्या हातांस पाठ होते. अडले ते खातरजमेच्या पत्रावर. ज्या संस्थेत तो शिकला तिच्याकडून उत्तरच येईना. अखेर आई एस. टी. ने तालुक्याच्या गावी गेली. कारकून म्हणाला, “साहेब रजेवर आहेत, मावशी. सोमवारी या.” ती सोमवारी गेली. नंतरच्याही सोमवारी गेली. तिसऱ्या खेपेस ती भाकरी बांधूनच घेऊन गेली आणि संध्याकाळपर्यंत बाकावर बसून राहिली.

मधल्या काळात जून उजाडला. कतारात १ जून ते १५ सप्टेंबर सकाळी १० ते दुपारी ३.३० उघड्यावर काम करण्यास मनाई आहे. २०२१ पासून हा नियम अधिक कडक झाला आहे. पण दमट हवेत ऊन दहा वाजण्याची वाट पाहत नाही. नऊ वाजून दहा मिनिटांनी एक बिहारी गवंडी असंबद्ध बोलू लागला आणि खाली बसला. त्याची भोजपुरी मॉरिशसच्या कोणत्याही खेड्यात समजली असती, पण त्या वेळी ती कोणासच कळेना. अंग भट्टीसारखे तापलेले. कोणी त्याच्या तोंडास पाण्याची बाटली लावू लागला, तेव्हा हा कोठारातून धावत आला आणि त्याने ती बाजूस सारली. शुद्ध हरपत चाललेल्या माणसास पाणी पाजले तर ते श्वासनलिकेत जाते. एकास ९९९ वर दूरध्वनी करावयास लावून त्याने गवंड्यास सावलीत ओढले, कपडे सैल केले, पिण्याच्या पाण्याचा पिंप त्याच्या अंगावर रिता केला, मानेखाली व काखेत बर्फ ठेवला आणि दोघांस पुठ्ठ्याने वारा घालावयास बसविले. उष्माघातात आधी शरीर थंड करावे, मग न्यावे.

एवढे कोणीही जाणता माणूस करू शकतो, आणि तितकेच करण्याची त्यास मुभा होती. जुन्या सवयीने त्याचा हात उजवीकडे गेला. तेथे पूर्वी शिरेतून सलाईन देण्याच्या सामानाची पेटी असे. हात तसाच परत आला. या नियमास कोणी क्रूर म्हणेल. तो क्रूर नाही. ‘मला येते’ असे म्हणणारे चार जण प्रत्येक अपघातापाशी गोळा होतात, आणि बेशुद्ध माणूस त्यांतल्या कोणाची प्रमाणपत्रे तपासणार?

रुग्णवाहिका आली. तीतील माणसाने एकच प्रश्न विचारला : केव्हा पडला? “नऊ दहा. पडण्याआधी बोलणे बिघडले होते.” त्या माणसाने एकदा वर पाहिले आणि कामास लागला. गवंड्यास ‘क्यूबन हॉस्पिटल’मध्ये नेले. २०१२ साली उघडलेल्या या रुग्णालयासाठी डॉक्टर व परिचारिका क्यूबाहून आणल्या गेल्या. तेही घर सोडून आलेलेच. आठ दिवसांनी गवंडी परतला.

मोका येथील महात्मा गांधी संस्थेत आपल्या पूर्वजांची कागदपत्रे जपून ठेवलेली आहेत. त्यांत प्रत्येकास एक क्रमांक आहे, आणि तो माणूस कोणत्या मळ्याचा हे लिहिलेले आहे. दुखानच्या तरुणालाही आपल्या ठेकेदाराच्या संमतीवाचून दुसरी नोकरी धरता आली नसती. ती अट कतारने २०२० साली काढून टाकली. म्हणूनच खातरजमा पोहोचली, परीक्षा झाली आणि रुग्णवाहिकेवर जागा मिळाली, तेव्हा त्यास तेथे जाता आले.

परवाना हाती आला त्या रात्री त्याने घरी दूरध्वनी केला.

“काय लिहिलंय रे त्याच्यावर?” आईने विचारले.

“नाव, काम आणि एक नंबर.”

“काम काय लिहिलंय?”

त्याने सांगितले. तिने तो शब्द दोनदा म्हणून पाहिला. नीट जमला नाही.

“बरं,” ती म्हणाली, “दोन झेरॉक्स काढून ठेव. एक मला पाठव.”