पाण्याचा कल

गिरणारे मागे टाकून वाघेऱ्याचा घाट चढला की डोंगराच्या माथ्यावर पावसाची वाटणी होते. अलीकडचं पाणी गोदावरीकडे वळतं आणि १,४६५ किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळतं. पलीकडे, हरसूलच्या अंगाला पडलेलं पाणी दमणगंगेच्या खोऱ्यात उतरतं आणि दमणपाशी अरबी समुद्र गाठतं. माथ्यावरची जमीन कुठे झुकली आहे, एवढ्यावर सगळं ठरतं.

जमिनीचा उतार आणि मनाची ओढ या दोन्हींना इंग्रजीत 'इन्क्लिनेशन' म्हणतात. आपणही भिंतीचा कल म्हणतो आणि मुलाचाही. इंग्रजी शब्द आला लॅटिनमधून, झुकवणं किंवा कलवणं या अर्थाच्या क्रियापदावरून. त्याच कुळातला ग्रीक शब्द 'क्लिमा', म्हणजे उतार. विषुववृत्तापासून ध्रुवाकडे कलत जाणाऱ्या पृथ्वीच्या पट्ट्यांना ग्रीकांनी तेच नाव दिलं आणि त्यातून पुढे 'क्लायमेट' आला. हवामान म्हणजे मुळात उतार, हे हरसूलच्या शेतकऱ्याला वेगळं सांगावं लागत नाही. समुद्रावरून आलेले ढग सह्याद्रीच्या चढणीला लागून वर जातात, गार होतात आणि इथे कोसळतात.

'क्लिमा'च्याच मुळाचा संस्कृत धातू 'श्रि', आणि त्यावरून आपला 'आश्रय'. झुकणं आणि आधार घेणं यांचं मूळ एक आहे, हे कळल्यापासून कोणाचाही कल मला नुसती हौस वाटत नाही. माणूस झुकतो तो आपला भार कुठेतरी टेकवायला.

इथली नागली आणि वरई उतारावरच पिकते. भाताला खाचर लागतं, नागलीला वरकस माळही चालतो. राब भाजून तयार केलेली रोपं पावसात, ओणव्यानं लावायची. आवणीनंतर ती चिखलात आडवी-तिरपी पडलेली असतात. मूळ धरलं की एकेक शेंडा वर उठतो. पण त्याच उतारावरून माती धुपून जाते. ज्यानं दगड रचून ताली घातल्या, त्याचंच शेत टिकतं.

पावसाळ्यात धो धो कोसळणाऱ्या या मुलखात उन्हाळ्यात हंडाभर पाण्यासाठी बायका झऱ्याच्या खळग्यापाशी खोळंबतात. खडकाळ उतारावर पाणी मुरत नाही, धावत सुटतं. मग दिवाळीनंतर माणसंही निघतात, पण पाण्याच्या उलट दिशेनं: घाट चढून गिरणाऱ्याला, दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत. पाणी पश्चिमेला आणि माणसं पूर्वेला. या जाण्याला कोणी त्यांचा शहराकडचा कल म्हटलं तर मला ते सोसत नाही. आश्रय मिळत नाही म्हणून होतं ते स्थलांतर.

दमणगंगेचं पाणी भुगड धरणात अडवून पिंजाळ धरणामार्गे मुंबईला नेण्याची योजना कागदावर आहे. मुंबईची तहान खरी आहे, हे मी मानतो. पण पाण्यावर पहिला हक्क ज्या उतारावर ते पडतं त्याचा. आधी इथले समतल चर खणावेत, पाड्यापाड्यांच्या ताली बांधाव्यात, झरे राखावेत. नागली काढून झाल्यावर दुसरं पीक घेण्याइतकी ओल जमिनीत राहिली, तर घाट चढायचा की नाही, हे हरसूलच्या माणसाला स्वतःच्या मनाप्रमाणे ठरवता येईल.