संगणकाचा हजेरी-क्रमांक

हजेरीपटांत प्रत्येक विद्यार्थ्याच्या नांवापुढें एक क्रमांक असतो. आठवींतला बारावा क्रमांक एकाचा, नववींतला दुसऱ्याचा. तथापि घोटाळा होत नाहीं, कारण तो क्रमांक वर्गाच्या चार भिंतींपुरताच असतो. संगणकाचा 'लोकल आयपी ॲड्रेस' म्हणून जो आंकडा आपण ऐकतों, तो असाच क्रमांक होय. त्याचा परिचय विद्यार्थ्यांस व पालकांस असावा, असें आम्हांस वाटतें.

आयपीव्ही ४ पद्धतीच्या पत्त्यांत ० ते २५५ मधील चार आंकडे टिंबांनीं जोडलेले असतात. असे पत्ते सारे मिळून सुमारें ४२९ कोटी. सर्व जगास ते पुरावे कसे? म्हणून १०, १७२.१६ ते १७२.३१ आणि १९२.१६८ ह्या आंकड्यांनीं आरंभ होणारे पत्ते केवळ अंतर्गत वापरासाठीं राखून ठेवण्यांत आले. हा नियम १९९६ सालीं ठरला. ह्यामुळें १९२.१६८.१.५ हा एकच पत्ता असंख्य घरांत सुखानें नांदतो. हे क्रमांक वाटण्याचें काम घरांतील राऊटर करतो, आणि तेंही मुदतीनें. म्हणून आजचा ५ उद्यां ८ झाला तरी नवल मानूं नये.

तो पाहण्याची रीत सोपी आहे. विंडोज संगणकावर 'कमांड प्रॉम्प्ट' उघडून 'आयपीकॉन्फिग' हा शब्द रोमन अक्षरांत, मध्यें जागा न सोडतां लिहावा व एंटर दाबावें. अनेक ओळी दिसतील. ज्या गटांत 'डिफॉल्ट गेटवे' पुढें आंकडा भरलेला आहे, त्यांतील 'आयपीव्ही ४ ॲड्रेस' ही ओळ बहुधा आपली. गेटवेचा आंकडा हा बहुतेक घरांत राऊटरचा स्वतःचा पत्ता असतो. आपला आंकडा १६९.२५४ नें सुरू होत असेल, तर राऊटरकडून क्रमांक मिळालेलाच नाहीं असें समजून तार किंवा वाय-फाय तपासावें. मॅक संगणकावर 'सिस्टिम सेटिंग्ज' मधील 'नेटवर्क' ह्या सदरांत चालू जोडणीच्या तपशिलांत हाच आंकडा सांपडतो. छपाईयंत्र जोडतांना किंवा दोन संगणकांत फाईल पाठवितांना त्याची गरज पडते.

परंतु पालकांनीं ध्यानांत घ्यावयाची गोष्ट निराळीच आहे. संगणकावर खेळतांना भांडण झालें, कीं "तुझा आयपी मला सांपडला, आतां तुझें घर शोधतों," अशी धमकी कोणी अनोळखी मनुष्य देतो. मूल घाबरतें, अभ्यासांतून त्याचें मन उडतें, पण घरीं तें बोलत नाहीं. अशीं मुलें आम्हीं पाहिलीं आहेत. त्या धमकींतील आंकडा १९२.१६८ नें आरंभ होत असेल, तर "बारा क्रमांकाचा मुलगा मला ठाऊक आहे," असें म्हणण्याइतकाच तिला अर्थ आहे. घराबाहेर दिसणारा पत्ता वेगळा असतो. त्यावरूनही परक्यास साधारणपणें शहर आणि सेवा पुरविणारी कंपनी एवढाच अंदाज लागतो.

तरी धमकी ही धमकीच. ती आईवडिलांस तत्काळ सांगावी, आणि त्यांनीं रागें न भरतां ऐकून घ्यावी. मुलांनो, आंकड्यास भिऊं नका. आपलें नांव, शाळा व छायाचित्र आपण आपल्याच हातांनीं परक्यास देतों, तेंच जपण्याजोगें आहे.