दुरुस्त होणारी सायकल

कल्याणहून कर्जतकडे जाणाऱ्या लोहमार्गालगत वसलेल्या उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या शहरांत सायकल हे मुळात कामगाराचे वाहन होते, आणि 1990 च्या दशकात हिरो रेंजर व तिच्यासारख्या सरळ हँडलच्या, जाड टायरच्या सायकली शाळकरी मुलांच्या हाती आल्या, तेव्हा तिचे रूप पालटले तरी तिची घडण पालटली नाही. उंच काळ्या सायकलीवरून अंबरनाथच्या आयुध निर्माणीत किंवा विमकोच्या आगपेटी कारखान्यात पाळीला जाणारा माणूस आणि मूळगावच्या खंडोबावरून बारवी धरणापर्यंत रपेट मारणारा त्याचा मुलगा, हे दोघेही एकाच धातूच्या नळ्यांवर स्वार होते. त्या पोलादी सायकलींविषयी आज जी हुरहूर बोलून दाखवली जाते, तिला केवळ बालपणाची ओढ म्हणून बाजूला सारणे हे त्या वस्तूवर अन्याय करण्यासारखे आहे, कारण त्या हुरहुरीत धातूच्या गुणांविषयीचे आणि गावातल्या कारागिरांच्या हातांविषयीचे एक नेमके ज्ञान दडलेले असते.

माउंटन बाइक म्हणजे खडकाळ व चढउताराच्या वाटांसाठी बेतलेली सायकल. तिचा उगम कॅलिफोर्नियातील मरीन परगण्यात झाला, जिथे 1970 च्या दशकात काही तरुण तीस-चाळीस वर्षांच्या जुन्या, जाड टायरच्या पोलादी सायकली गोळा करून, त्यांना गिअर व मोटारसायकलच्या ब्रेकच्या मुठी बसवून टॅमलपाइस डोंगराच्या मातीच्या उतारांवरून सोडत असत. 1977 मध्ये जो ब्रीझ याने या कामासाठी खास फ्रेम बांधली आणि 1981 मध्ये स्पेशलाइज्ड कंपनीची स्टम्पजम्पर कारखान्यातून मोठ्या प्रमाणावर बाहेर पडली. म्हणजे ज्या वाहनाला आज अत्याधुनिक समजले जाते ते जन्मतःच जुन्या सायकलींच्या जोडकामातून उभे राहिले होते, आणि ही गोष्ट लक्षात घेतली की उल्हासनगरच्या गल्लीतला मिस्त्री व मरीनचा तो तरुण यांच्यात वाटते तितके अंतर उरत नाही.

आपल्याकडच्या सायकलींची फ्रेम बहुधा साध्या, कमी कार्बनच्या पोलादाची असे, त्यामुळे सायकलीचे वजन सहज अठरा-वीस किलोंपर्यंत जाई. परदेशी चांगल्या फ्रेम क्रोमोलीच्या, म्हणजे क्रोमियम व मॉलिब्डेनम मिसळलेल्या अधिक बळकट पोलादाच्या असत, ज्यात नळीची भिंत पातळ ठेवता येते. दोन्ही पोलादांत एक गुण मात्र समान आहे. धातूवर पुन्हापुन्हा ताण पडला की तो थकतो आणि त्यात बारीक तडा जातो, पण पोलादाच्या बाबतीत ताणाची एक मर्यादा असते, जिच्या खाली कितीही धक्के बसले तरी तडा जात नाही; ॲल्युमिनियमला अशी निश्चित मर्यादा नसल्याने त्याच्या नळ्या जाड व फुगीर कराव्या लागतात. त्याहून महत्त्वाचे असे की पोलादाची फ्रेम तुटली तर ती जागच्या जागी जोडता येते. लोखंडी कपाटे, पलंग आणि खिडक्यांच्या जाळ्या बनवणारे कारागीर उल्हासनगरात सर्वत्र असल्याने सीटखालच्या सांध्यात गेलेला तडा प्रथम कानशीने उघडा करणे, मग गॅसच्या ज्योतीत पितळेची सळई वितळवून तो भरणे, आणि शेवटी वरून काळा रंग मारणे, एवढ्यावर काम भागे. नव्या सायकलींत वापरल्या जाणाऱ्या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूंना वेल्डिंगनंतर भट्टीत ठरावीक तापमानाला ठेवून पुन्हा बळ द्यावे लागते, जे गल्लीत शक्य नसते. त्यामुळे सांधा दिसायला जुळला तरी त्याच्या शेजारची नळी नरम राहते.

या धातूची थोरवी सांगताना अनेकदा असे म्हटले जाते की पोलादाची फ्रेम खड्डे गिळते. हे विधान अतिशयोक्त आहे, कारण स्वाराला जाणवणारा मऊपणा मुख्यतः टायरच्या रुंदीतून आणि त्यातल्या हवेच्या दाबातून येतो. पोलादाचा खरा शत्रू गंज आहे, आणि बदलापूरच्या पावसाळ्यात तो बाहेरून नव्हे तर आतून लागतो: सीटच्या नळीतून झिरपलेले पाणी खाली पायडलच्या कण्याच्या घरात साचते आणि सायकल उलटी केली की तिथून तांबूस ओघळ बाहेर येतो. त्या घराच्या तळाशी असलेले बारीक छिद्र मोकळे ठेवणे आणि पावसाआधी नळीत थोडे तेल सोडून सायकल सर्व बाजूंनी कलवणे, एवढी निगा राखणाऱ्याची फ्रेम टिकते.

अशा जुन्या पोलादी सायकलीला पर्याय शोधणाऱ्याची अडचण दुकानातच सुरू होते. तिथे जी माउंटन बाइक सर्वांत पुढे उभी असते तिला स्प्रिंगचा चिमटा (पुढचे चाक धरणारा भाग), डिस्क ब्रेक आणि अनेक गिअर असतात. परंतु स्वस्त स्प्रिंगचा चिमटा जड असतो, दोन पावसाळ्यांत तो आखडतो आणि बहुतेक वेळा उघडून दुरुस्त करण्याजोगा नसतो. मागचा गिअर ज्या छोट्या पट्टीला अडकवलेला असतो ती हँगर नावाची पट्टी प्रत्येक कंपनीची वेगळी असल्याने ती वाकली की संपूर्ण सायकल एका तळहाताएवढ्याही नसलेल्या तुकड्यासाठी अडून राहते. अमेरिकेतील सर्लीसारख्या कंपन्या आजही क्रोमोलीच्या, साध्या चिमट्याच्या, कॅरिअरसाठी आटे पाडलेल्या फ्रेम बनवतात आणि जुन्या सायकलीचा खरा वारसा त्यांच्याकडे आहे, पण त्या इथे सहज मिळत नाहीत आणि सामान्य घराला परवडतही नाहीत.

म्हणून पुष्कळदा जुन्याच फ्रेमला नवे अवयव देणे शहाणपणाचे ठरते. क्रोमचा मुलामा दिलेल्या लोखंडी रिमवर पावसात ब्रेक जवळजवळ लागत नाही, त्याऐवजी दुहेरी भिंतीची ॲल्युमिनियम रिम बसवली तर बदलापुरातल्या बेलवली-कात्रपच्या ओल्या रस्त्यांवर सायकल वेळेत थांबते. चिमट्यावर ब्रेकचे खुंट असतील तर लांब हातांचे व्ही-ब्रेकही बसतात. मात्र चाकाच्या मापाकडे काटेकोरपणे पाहावे लागते, कारण 26 इंच म्हणून विकल्या जाणाऱ्या टायरची बैठक माउंटन बाइकच्या रिमवर 559 मिलिमीटर तर जुन्या रोडस्टर म्हणजे साध्या सायकलीच्या रिमवर 590 मिलिमीटर असते आणि एकाचा टायर दुसऱ्यावर चढत नाही. तसेच जुन्या चिमट्याचा दांडा आटे असलेला व एक इंची असतो, नव्याचा बहुधा सव्वा इंचाच्या जरा आत आणि बिनआट्याचा, त्यामुळे नवा चिमटा जुन्या फ्रेममध्ये घुसत नाही. ॲटलास या सायकल कंपनीचा साहिबाबाद येथील कारखाना 3 जून 2020 रोजी, नेमक्या जागतिक सायकल दिनी बंद झाला, तेव्हा एक पर्व संपल्याची भावना अनेकांनी व्यक्त केली. तरीही छर्रे, कप, कण्याचे सुटे भाग आणि साखळ्या लुधियानातून अजून येतात आणि साध्या पोलादी सायकलीला तेवढेच लागते.

बदलापूरजवळच्या चंदेरी किल्ल्याच्या पायथ्याकडील दगडी उतारांवर वेगाने जाणाऱ्याला चांगल्या स्प्रिंगची नवी सायकलच हवी आणि तिथे जुन्या फ्रेमचा आग्रह धरणे चुकीचे आहे. पण रोज स्टेशन गाठणाऱ्याने आणि रविवारी कोंडेश्वरपर्यंत जाऊन येणाऱ्याने विकत घेण्याआधी दुकानदाराला गिअरांची संख्या विचारण्याऐवजी हँगर सुटा मिळतो का, चिमटा साधा मिळेल का आणि चाकाचा आउट (वाकडेपणा) काढायला जवळ कोण बसतो, एवढे विचारावे. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर दुकानात मिळत नसेल तर अंबरनाथच्या बाजारात पाना घेऊन बसलेल्या एखाद्या वयस्क मिस्त्रीकडे जुनी फ्रेम आधी दाखवून घेतलेली बरी.