मुंबईस जाणाऱ्यांसाठी चार गोष्टी

मुंबईस जावयाचे म्हटले म्हणजे आमच्या झरी-जामणीकडील मनुष्याच्या मनात कौतुक व धास्ती ही दोन्ही एकदमच उभी राहतात. पैनगंगेच्या काठचा आमचा हा तालुका. कापूस, तूर व सोयाबीन यांची शेती, कोलामांची पोडे, सागाची झाडी आणि आठवडी बाजार एवढ्यात आमचे जग मावते. त्यामुळे मुलांनी मुंबईची चित्रे कितीही पाहिलेली असली, तरी 'तिकडे आपले काय काम?' हा प्रश्न घरातून निघतोच. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही काही पालक व मुले मिळून मुंबई पाहून आलो. पुढे ज्यांना हा योग येईल त्यांच्या उपयोगी पडाव्यात, म्हणून अनुभवाच्या चार गोष्टी येथे सांगतो.

प्रथम त्या प्रश्नाचाच विचार करू. १९५६ सालापर्यंत आमचा यवतमाळ जिल्हा मध्यप्रदेशात होता व आमची राजधानी नागपूर होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले. तेव्हापासून मुंबई ही आमचीही राजधानी आहे. या राज्यासाठी प्राण वेचणाऱ्या १०६ वीरांचे स्मारक तेथील हुतात्मा चौकात आहे. मुंबई पाहण्याचा आरंभ आम्ही तेथूनच केला, आणि आपण परक्याच्या अंगणात आलो आहो ही भावना त्या जागी उभे राहताच पुष्कळशी ओसरली.

आता प्रवासाविषयी. वणीहून नांदेड-मनमाडमार्गे जाणाऱ्या गाडीत आम्ही एक रात्र काढली. सामान थोडके घ्यावे. मुंबईत ओझ्यासारखा शत्रू नाही. प्रत्येक मुलाच्या खिशात वडिलांचे नाव व मोबाइलचा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी असावी. चुकामूक झाल्यास मुलाने जागा सोडू नये व जवळच्या पोलिसास सांगावे. रेल्वेच्या मदतीसाठी १३९ व मुलांच्या मदतीसाठी १०९८ हे क्रमांक मुलांकडून पाठच करून घ्यावेत. नातेवाइकांकडे उतरणार असाल, तर मुंबईचे घर लहान असते व घरातील माणसे पहाटेच कामाला निघतात, हे ध्यानात ठेवावे. सोबत थोडी तुरीची डाळ वा ज्वारीचे पीठ न्यावे, आणि दोन दिवसांचा पाहुणचार चार दिवसांवर नेऊ नये.

मुंबईत फिरावयाचे मुख्य साधन म्हणजे लोकलगाडी. या देशातील पहिली प्रवासी आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्यास गेली, आणि १९२५ पासून तेथे विजेच्या गाड्या धावू लागल्या. मार्ग मुख्यतः तीन: चर्चगेटहून उत्तरेस जाणारा पश्चिम मार्ग, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसहून कल्याणकडे जाणारा मध्य मार्ग, आणि तेथूनच वडाळा-कुर्ल्यावरून पनवेलकडे जाणारा हार्बर मार्ग. दादर येथे पश्चिम व मध्य हे दोन्ही मार्ग एकत्र येतात. हे एक स्थानक नीट ध्यानात राहिले, की मनुष्य सहसा हरवत नाही. धीमी गाडी प्रत्येक स्थानकावर थांबते, जलद गाडी काही ठिकाणीच थांबते. म्हणून फलक वाचल्यावाचून गाडीत चढू नये. सकाळी आठ ते अकरा या वेळेत शहराच्या दक्षिण टोकाकडे, आणि सायंकाळी पाच ते आठ या वेळेत उलट दिशेस मनुष्यांचा पूर लोटतो. त्या वेळी मुलाबाळांसह गाडीत चढण्याचे धाडस करू नये. रूळ कधीही ओलांडू नये, पुलावरूनच जावे. बेस्टच्या बसगाड्यांच्या समोरील बाजूस क्रमांक मराठी अंकांत लिहिलेला असतो, तेव्हा आमच्या मुलांना अडचण पडत नाही. काळ्या-पिवळ्या टॅक्सीत बसताच मीटर सुरू झाले की नाही हे पाहावे. ऑटोरिक्षा मात्र वांद्रे व शीव यांच्या दक्षिणेस चालत नाहीत.

पाहावयाची स्थळे पुष्कळ आहेत, परंतु एका दिवसात दहा ठिकाणी धावण्यापेक्षा तीनच ठिकाणी स्वस्थपणे उभे राहावे. फोर्ट भागात पायी हिंडावे. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स याने योजिलेली टर्मिनसची इमारत १८८८ साली पुरी झाली. तिच्या दगडांत कोरलेले पशुपक्षी व पाने मुलांना तासभर खिळवून ठेवतात. गेटवे ऑफ इंडिया ही कमान इंग्लंडच्या राजाच्या १९११ सालच्या भेटीची आठवण म्हणून बांधली गेली व १९२४ साली खुली झाली. आणि २८ फेब्रुवारी १९४८ रोजी ब्रिटिश सैन्याची शेवटची पलटण याच कमानीतून निघून गेली. ज्या दारातून राजवैभव मिरवले त्याच दारातून ते परत गेले, हा इतिहासाचा धडा मुलांना पुस्तकापेक्षा तेथे लवकर समजतो. तेथूनच घारापुरीच्या लेण्यांस जाण्यासाठी बोट मिळते. सुमारे तासाभराच्या या समुद्रप्रवासानंतर दिसणारी शिवाची त्रिमुखी मूर्ती पाहून आमच्यातील बोलकी मुलेही काही वेळ गप्प झाली. लेणी सोमवारी बंद असतात. भायखळ्याची राणीची बाग व तिला लागूनच असलेले डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय ही बुधवारी बंद असतात, हे आधीच टिपून ठेवावे. ज्यांना विज्ञानाची आवड असेल त्यांनी वरळीचे नेहरू विज्ञान केंद्र पाहावे. आणि गांधीजी १९१७ ते १९३४ या काळात मुंबईस आले म्हणजे जेथे उतरत, ते गावदेवीचे मणिभवन सर्वांनीच पाहावे.

जेवणाखाण्याची चिंता नको. वडापाव हे गरीब-श्रीमंत सर्वांचे खाणे आहे. परंतु जेथे गर्दी असेल व वडे डोळ्यांदेखत तळले जात असतील तेथेच तो घ्यावा. माटुंग्याच्या उडुपी खाणावळींत केळीच्या पानावर स्वच्छ व पोटभर जेवण मिळते. जुन्या इराणी हॉटेलात एकदा तरी मस्कापाव व चहा घ्यावा. अशी हॉटेले आता थोडीच उरली आहेत. तेथील मिसळ आमच्याकडील जिभेला अंमळ फिकी लागेल, त्याची तक्रार करू नये. चिरून उघडी ठेवलेली फळे घेऊ नयेत, पाण्याची बाटली सोबत बाळगावी, आणि भाव विचारल्यावाचून काहीही मागवू नये.

आता जी गोष्ट मुंबईच्या कोणत्याही माहितीपत्रकात ठळकपणे आढळत नाही, परंतु आमच्या भागातील मनुष्याने अवश्य पाहावी, ती सांगतो. हार्बर मार्गावर शिवडीच्या जवळ 'कॉटन ग्रीन' नावाचे स्थानक आहे. कापसाच्या बाजारावरून त्यास हे नाव पडले, व कापूस बाजाराची भव्य इमारत तेथे आजही उभी आहे. आमच्यात एक वयोवृद्ध कास्तकार होते. सर्वजण त्यांना आबाजी म्हणत. नावाचा अर्थ त्यांना सांगितला, तेव्हा ते फलकाकडे बराच वेळ पाहत राहिले व म्हणाले, "आमच्या कापसाचं नाव ठेसनाले देलं, अन् आमाले आजवर कोनी सांगतलं नाई!"

आबाजींचे बोलणे आम्हास अद्याप आठवते. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू असता तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेना. तेव्हा हिंदुस्थानच्या कापसाला सोन्याचा भाव आला, आणि वऱ्हाडचा कापूसही मुंबई बंदरातून परदेशी गेला. त्या व्यापारात अपार संपत्ती मिळविणाऱ्या प्रेमचंद रायचंद यांनी दिलेल्या देणगीतून विद्यापीठाचा राजाबाई मनोरा उभा राहिला. पुढे गिरण्या निघाल्या, आणि परळ-लालबागचे गिरणगाव वसले. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लक्ष कामगार उतरले होते; त्यानंतर एकेक गिरणी बंद पडत गेली, आणि आज कित्येक ठिकाणी धुराड्यांच्या जागी काचेच्या इमारती दिसतात. ज्यांनी कापूस पिकविला आणि ज्यांनी त्याचे सूत कातले, त्या दोघांच्याही घामाचा अंश या नगरीच्या वैभवात आहे. तेव्हा आमच्या मुलांनी मुंबईच्या उंच इमारतींकडे पाहताना मान वर करावी, पण मन खाली करू नये.

शेवटची सूचना वागणुकीविषयी. वाट ठाऊक नसल्यास मोकळ्या मनाने विचारावी. विचारण्यात कमीपणा नाही. मुंबईचा मनुष्य घाईत असतो, पण चालता चालता का होईना तो वाट दाखवितो, असाच आमचा अनुभव आहे. आपली वऱ्हाडी बोली लपवू नये. हमाल, सफाई कामगार व डबेवाले यांच्या वाटेत उभे राहू नये. त्यांचे काम आपल्या करमणुकीहून मोठे आहे. परत आल्यावर प्रत्येक मुलाने पाहिलेल्यापैकी एका स्थळावर एक पानभर लिहावे, आणि ज्या सोबत्यांना जाता आले नाही त्यांना ते वाचून दाखवावे. ज्याने एकट्याने पाहिले त्याचा प्रवास गावी परतताच संपतो. ज्याने दुसऱ्यास दाखविले त्याचा प्रवास गावभर चालू राहतो.