आधी पोती, मग पाहुणे

खानदेशातल्या शेतीवाल्या घरांत पहिली चारचाकी आली ती हिंडायला-फिरायला आली नाही. ट्रॅक्टर आधीच दारात उभा होता, त्याच्यासाठी डिझेलचा पिंप शेतावर होता, आणि त्या पिंपातलं डिझेल जिच्यात ओतता येईल तीच गाडी घ्यायची, हे घरातल्या मोठ्यांनी आपसात ठरवून टाकलेलं असायचं. पेट्रोलची गाडी डॉक्टरची, वकिलाची, नाहीतर सराफाची. आमच्या पिढीनं, म्हणजे सत्तरच्या दशकात जन्मून नव्वदच्या दशकात कॉलेजात गेलेल्यांनी, घरात जे काही चारचाकी पाहिलं ते बहुतेक डिझेलवर धडधडणारं होतं. कुणाकडे महिंद्राची जीप, जिच्या बॉनेटखाली ट्रॅक्टरच्याच घराण्यातलं इंजिन असायचं. कुणाकडे बजाज टेम्पोची मॅटाडोर. ज्यांना थोडी ऐट हवी त्यांच्याकडे डिझेल अ‍ॅम्बॅसडर. 1489 सीसीचं ते इंजिन. माणसं कितीही कोंबा, तक्रार नाही, पण डिकीत दोन पोती टाकून लळिंगचा घाट चढायला लागलं की मागून एसटी येऊन हॉर्न मारायची.

आमच्याकडे इस्टेट आली.

टाटांनी 1991 साली सिएरा काढली आणि 1992 साली ही इस्टेट. लांबलचक, मागे काचेचा मोठा दरवाजा वर उघडणारी, बसक्या अंगाची. पुढच्या काचा बटणावर खाली-वर व्हायच्या, आरपीएमचा काटा होता. गाडी काढणाऱ्यांच्या मनात शहरातलं सुखवस्तू कुटुंब असणार. पण तिचा पाया होता टाटामोबाइल 206 चा, म्हणजे 1988 साली आलेल्या, सरळसरळ माल वाहणाऱ्या पिकअपचा. वरचे कपडे साहेबी, हाडं हमालाची. आमच्या नानांनी फक्त हाडं पाहिली. नाशिकच्या एका डॉक्टरांकडून जुनी घेताना त्यांनी ना काचा वर-खाली करून पाहिल्या, ना सीटवर बसून पाहिलं. मागचं सीट पाडलं, खिशातून टेप काढला आणि लांबी-रुंदी मोजून सोबतच्या मिस्त्रीला विचारलं, "पोती किती बसतील?"

घर आमचं तीन ठिकाणी वाटलेलं. मोठे नाना यावल तालुक्यात शेतीवर, धाकटे काका आणि आम्ही जळगावात, आणि आत्या धुळ्याला. अशी घरं तेव्हा गल्लोगल्ली होती. एक भाऊ मातीत, एक बाजारात, बहीण दुसऱ्या जिल्ह्यात. या तीन टोकांना बांधून ठेवण्याचं काम पत्रांनी किंवा फोननं केलं असं कुणी म्हणत असेल तर म्हणो, आमच्याकडे ते धान्यानं केलं. वर्षाची दादर ज्वारी, गहू, तुरीची डाळ, केळीचा घड, हिवाळ्यात भरताची हिरवी-पांढरी वांगी, हे सगळं लेकीच्या घरी पोचलंच पाहिजे. पोचवायला इस्टेट. उलट्या दिशेनं शहरातून शेतावर जायचं ते वेगळंच: सरकीच्या ढेपेची पोती, खताच्या गोण्या, ठिबकच्या नळ्यांची बंडलं, जळालेली पाण्यातली मोटर भरायला टाकलेली असली तर भरून झालेली मोटर. पूर्वी केळी लावायची तर पोत्यात कंद भरून न्यायचे. नव्वदच्या दशकात टिश्यूकल्चरची रोपं आली, ती मात्र नाजूक. त्यांच्यासाठी नाना काचा अर्ध्या उघड्या ठेवायला लावायचे. आमच्यासाठी कधी लावल्या नाहीत.

भरण्याचा एक क्रम होता आणि तो मोडलेला चालत नसे. मागचं सीट आडवं पाडलं की झाला हौदा. तळाला पोती, आडवी. त्यांच्या खाचांत तेलाचे डबे, म्हणजे हलत नाहीत. वर वांग्यांच्या पाट्या आणि केळी. कॅरिअरवर नळ्या किंवा लग्नसराई असली तर गाद्यांच्या वळकट्या, सुतळीनं आवळून. हे सगळं झालं की नाना मागचा दरवाजा दोन्ही हातांनी दाबून लावायचे, आणि मग म्हणायचे, "चला, बसा आता." माणसांची पाळी ही. पुढे नाना आणि गाडी चालवणारा. मागं पोत्यांच्या अलीकडे जे काही सपाट उरेल तिथे आजी, आई, काकू. आम्ही पोरं पोत्यांवर, छताला डोकं लागू नये म्हणून मान वाकवून. ढेपेचा आंबूस वास, डिझेलचा वास आणि पाटीतल्या वांग्यांचा ओला वास, असा तिहेरी वास ज्यांच्या नाकात बसला आहे, त्यांना दुसरं काही सांगायला नको.

गाडी पांढरी आणि अशा घाटाची, त्यामुळे गावोगाव तिला ॲम्ब्युलन्स समजत. फाट्यावर थांबलं की कुणीतरी काचेला हात लावून आत डोकवायचं आणि हळू आवाजात विचारायचं, "कोण सिरियस आहे?" आत आजी पोत्याला टेकून झोपलेली असायची, त्यामुळे खुलासा करणं अवघड जायचं. याचा फायदा मात्र एक झाला. अरुंद पुलावर लोक वाट देत.

जळगाव ते धुळे साधारण 90 ते 95 किलोमीटर. तेव्हाचा राष्ट्रीय महामार्ग 6, आता त्याचा नंबर 53 झाला आणि रस्ता चौपदरी. तेव्हा तो दोन ट्रक एकमेकांना जेमतेम चुकवतील एवढाच होता आणि सुरत-नागपूरचे ट्रक दिवसरात्र त्यावरून धावत. बांभोरीला गिरणेचा पूल ओलांडला की पाळधी, मग एरंडोल, पारोळा, मुकटी, फागणे. पारोळ्याच्या पुढे आजूबाजूची बोली अहिराणीकडे झुकायची, आणि आत्याचे यजमान सोबत असले तर ओळखीचा प्रत्येक माणूस दिसला की गाडी थांबायची. "बठा, जागा शे," ते म्हणायचे. जागा कुठे होती ते देवाला माहीत. पण तो माणूस चढायचा, पोत्यावर बसायचा आणि फागण्याला उतरताना आम्हा पोरांच्या हातावर शेंगा ठेवून जायचा.

शहराच्या वेशीवर जकात नाका. दुकानाचा माल असला की नाना मुकाट पावती फाडायचे. घरचं धान्य असलं की बोलायचं काम आजीकडे. नाक्यावरचा माणूस टॉर्च मारून पोती मोजायला लागायचा आणि आजी आतून विचारायची, "लेकीकडे रिकाम्या हातानं जाऊ का रे बाबा?" यावर कुठल्याच नियमात उत्तर नव्हतं.

गाडी सुरू करणं हा सकाळचा वेगळा विधी. किल्ली अर्धी फिरवायची, डॅशबोर्डवरचा हीटरचा दिवा लागायचा, तो विझेपर्यंत थांबायचं आणि मग सेल्फ मारायचा. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबलेल्या हवेच्या उष्णतेनंच डिझेल पेटतं, म्हणून थंडीत आधी हीटर प्लगनं आतली जागा तापवावी लागते. हे आम्हाला शाळेत कळलं नाही, धुळ्याच्या डिसेंबरात कळलं. एखादा प्लग गेलेला असला की गाडी नुसती खोकायची, पांढरा धूर सोडायची, आणि मग आतून हाक यायची: "लावा रे धक्का!" आत्याचं घर धुळ्याच्या नंबरी गल्लीत. कॅप्टन ब्रिग्जनं 1819 च्या सुमारास नवं धुळं आखलं, रस्ते सरळ आणि गल्ल्यांना नंबर. त्या सरळपणाचा खरा उपयोग धक्का मारताना व्हायचा. वळण नाही, चढ नाही, गल्लीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पळत जायचं. निम्म्या घरांतून पोरं बाहेर येऊन हात लावायची.

त्याहून वाईट म्हणजे टाकी कोरडी पडणं. पिंपातून घातलेलं डिझेल नेमकं किती हे नानांच्या डोक्यात असायचं आणि काट्यावर त्यांचा विश्वास नसायचा. डिझेल गाडी एकदा कोरडी पडली की नुसतं डिझेल ओतून भागत नाही, नळीत हवा शिरते. मग फिल्टरवरचा स्क्रू ढिला करायचा, शेजारचा छोटा हातपंप मारत राहायचा. आधी फेस येतो, मग बुडबुडे, मग सलग धार. धार आली की स्क्रू आवळायचा. याला "एअर काढणं" म्हणतात आणि ते घरातल्या सगळ्या पोरापोरींना येत होतं. माझी एक चुलतबहीण लग्न होऊन बडोद्याला गेली. तिथे सासरची डिझेल गाडी रस्त्यात बंद पडली तेव्हा पाच पुरुष बॉनेटभोवती उभे असताना तिनं साडीचा पदर खोचून एअर काढली. हा किस्सा आमच्याकडे तिच्या डिग्रीपेक्षा जास्त वेळा सांगितला जातो.

मिस्त्री जळगावातल्या अजिंठा चौफुलीवरचा. तो इंजिनाला नावानं नाही, नंबरानं हाक मारायचा, चारशे त्र्याऐंशी. चार सिलिंडर आणि 83 मिलिमीटरचा बोअर, म्हणून 483. सगळं मिळून 1948 सीसी. हेच इंजिन 1994 साली आलेल्या सुमोत बसलं. सुमंत मूळगावकरांच्या नावातली अक्षरं घेऊन ठेवलेलं ते नाव, आणि त्या गाडीनं खानदेशातले सगळे रस्ते भरून टाकले. आम्हाला त्याचा फार फायदा झाला. सुमो जिथे तिथे होती, त्यामुळे नोझल, रिंगा, पिस्टन एरंडोलातही मिळायचे. इस्टेटी मात्र रस्त्यावर मोजक्याच, म्हणून काच किंवा मागचा दिवा हवा असला की पुण्याला चिठ्ठी. मागचा दरवाजा वर धरून ठेवणारे दांडे वयानं आणि आमच्या ओझ्यानं थकले, तेव्हा तो शोध थांबवून नानांनी बांबूची काठी कापून घेतली. ती काठी शेवटपर्यंत गाडीत होती. दरवाजा उघडला की एकानं तो डोक्यावर पेलायचा, दुसऱ्यानं काठी लावायची.

धुळ्याहून परत येताना गाडी रिकामी आणायची नाही, हाही नियमच. सोनगीरची तांब्या-पितळेची भांडी लग्नाच्या वर्षी. आणि फेब्रुवारी-मार्चात मिरची. नंदुरबारचा मिरचीचा बाजार मोठा. 1998 च्या जुलैपर्यंत नंदुरबार धुळे जिल्ह्यातच होतं, आणि आत्याच्या ओळखीतून तिन्ही घरांची वर्षाची लाल मिरची तिथून यायची. पोती बंद गाडीत, बाहेर ऊन चढलेलं. फागणं येईपर्यंत पहिली शिंक, पारोळ्याला सगळ्यांचे डोळे लाल, काचा उघडल्या तर तोंडावर झळा आणि मिरचीची धूळ उडून आणखी खोकला. काकू दर वर्षी तोंडाला ओला पदर बांधून शपथ घ्यायची की पुढच्या वर्षी येणार नाही.

इथे थोडं थांबून बोलायला हवं, कारण आम्ही भावंडं जमलो की या गाडीचं कौतुक फार होतं. ते करतो आम्ही, पोत्यांवर बसलेले. आई आणि काकू त्या कौतुकात सामील होत नाहीत. त्यांच्या मांडीवर लोणच्याची बरणी असायची, पायाशी बिबड्यांचा डबा, कडेवर सगळ्यात धाकटं पोर, आणि पाय लांब करायला जागा नाही. पारोळ्याचा खड्डा आला की बरणी सांभाळायची की पोर, हे त्यांनी ठरवायचं. माल नीट बसला की नाही हे नाना खाली उतरून बघायचे. त्या नीट बसल्या का, हे कुणी विचारल्याचं मला आठवत नाही. श्रावणात कानबाईला सगळी भाऊबंदकी मूळ घरी जमायची, रोटाचे गहू, पुरणाची डाळ, खापर, परातींसकट सगळं इस्टेटमधून यायचं, आणि त्या बायका मात्र पुष्कळदा काळी-पिवळीनं. गाडीत जागा नव्हती म्हणून. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेली आत्या परत जाताना मात्र पुढच्या सीटवर बसायची. आजीनं तो एकच नियम नानांकडून मोडून घेतला होता.

खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, मग पाच-पाच वर्षांसाठी नव्यानं करून घ्यावी लागते. इस्टेटची एकदा करून घेतली. पण तोवर घरच बदललं होतं. 1998 साली इंडिका आली आणि डिझेलची गाडी नुसती माणसांसाठीही घेता येते, हे काकांना पटलं. 2005 साली टाटा एस आली, जिला सगळे छोटा हत्तीच म्हणतात, आणि ढेप, खत, नळ्या तिच्या भाड्यावर जाऊ लागल्या. आधी पोत्यांनी गाडी सोडली, मग माणसं पुढे-मागे ऐसपैस बसायला लागली, आणि थोड्याच वर्षांत आत्याकडे धान्य पोचवायला जाणं बंद झालं. धुळ्यात काय मिळत नाही, असं आत्याची सूनच म्हणाली. खरं आहे ते. भंगारवाल्यानं गाडी नेली तेव्हा इंजिन पहिल्या सेल्फला सुरू झालं आणि नानांनी भाव थोडा वाढवून घेतला.

आता टाटांनी सिएराचं नाव पुन्हा आणलं आहे आणि जुन्या गाड्यांचं वेड लागलेली पोरं इस्टेटीही शोधत असतात. आमच्या घरातला एक पुण्यात नोकरी करतो. त्यानं कुठली तरी धूळ खात पडलेली पाहून ठेवली आहे. रंग मूळचाच देणार, सीटं नवी शिवणार, रविवारी सकाळी चालवणार. दिवाळीत त्यानं फोटो सगळ्यांना दाखवले. नानांनी चष्मा लावून पाहिलं आणि विचारलं, मागे लाकडी फळ्या का बसवतोस, पोती घसरतील. काकूनं फोटो हातातही घेतला नाही. म्हणाली, "घे बाबा तुला घ्यायची तर. मिरची आणायला मी येणार नाही."