हरलेल्या खटल्यांचं देणं

वि. म. तारकुंडे यांना मी कधी भेटलो नाही. तालुक्याच्या कोर्टात मनाई हुकमाचे अर्ज चालवणाऱ्या वकिलाचा सुप्रीम कोर्टाशी संबंध तो काय येणार! तरी वकिली कुणाकडून शिकलास असं कुणी विचारलं, तर माझ्या सीनियरांच्या पाठोपाठ मी हेच नाव घेतो.

हे नाव मी पहिल्यांदा ऐकलं ते घरात, आणि तेही थट्टेत. सासवडचा मुलगा मॅट्रिकला मुंबई इलाख्यात पहिला येतो, लंडनला जाऊन बॅरिस्टर होतो, १९५७ मध्ये मुंबई हायकोर्टाचा न्यायाधीश होतो आणि १९६९ मध्ये राजीनामा देऊन पुन्हा वकिलाचा डगला चढवतो, हे आमच्या काकांना काही केल्या पटत नसे. कॉलेजात असताना मलाही ते खुळेपणाचंच वाटायचं. मधली वर्षं काकांनी कधी सांगितली नाहीत. तरुणपणी खेड्यांत केलेलं काम, मानवेंद्रनाथ रॉय यांच्या पक्षाला दिलेला पूर्ण वेळ, आणि त्यानंतर चाळिशीच्या तोंडावर मुंबईत नव्याने मांडलेली वकिली. ती ठाऊक असती, तर खुर्ची सोडण्याचं मला इतकं नवल वाटलं नसतं.

सीनियरांनी मला शिकवलं होतं, निकाल हातात आला की आधी शेवटचं पान बघायचं. पक्षकार बाहेर ताटकळत उभा असतो आणि त्याला तेवढंच हवं असतं. ती सवय लागली. त्या हिशेबाने पाहिलं तर तारकुंड्यांची कारकीर्द म्हणजे पराभवांची रांगच. आणीबाणीत विनाचौकशी डांबलेल्यांच्या हेबियस कॉर्पसच्या खटल्यात ते स्थानबद्धांच्या वकिलांमध्ये होते. २८ एप्रिल १९७६ ला निकाल लागला तो चार विरुद्ध एक असा सरकारच्या बाजूने. एकटे न्या. खन्ना विरोधात उभे राहिले. पुढे मुंबईच्या फुटपाथवासीयांचा, ‘ओल्गा टेलिस’ नावाने ओळखला जाणारा खटला आला. इंदिरा जयसिंग आणि राम जेठमलानींच्या बरोबरीने तारकुंड्यांनीही त्यात युक्तिवाद केला. जुलै १९८५ मध्ये निकाल आला : फुटपाथवरच्या झोपड्या महापालिका काढू शकते, फक्त ३१ ऑक्टोबरपर्यंत थांबावं. शेवटचं पान वाचून मी तो निकाल बाजूला ठेवून दिला होता.

पुढे काही वर्षांनी आमच्या गावातल्या भाजी-फळवाल्यांचं प्रकरण माझ्याकडे आलं. रस्ता मोकळा करायचा म्हणून त्यांच्या पाट्या उचलायचं ठरलं होतं. नोटीस नव्हतीच, उलट ‘आम्ही आपणहून जागा सोडू’ अशा कागदावर सगळ्यांचे अंगठे घेतलेले होते. समोरच्या वकिलांनी तोच कागद कोर्टापुढे धरला. लिहून दिलंत, आता बोलायची सोय नाही. सीनियरांनाही यात दम दिसत नव्हता. नाइलाज म्हणून मी ‘ओल्गा टेलिस’ पहिल्या पानापासून वाचायला घेतला.

तिथे हीच अडचण होती! त्या लोकांच्या वतीने हायकोर्टात आधीच कबूल केलं गेलं होतं की फुटपाथवर झोपडी बांधण्याचा मूलभूत हक्क आम्ही सांगत नाही आणि १५ ऑक्टोबर १९८१ नंतर झोपड्या पाडायला आड येणार नाही. सरकारपक्षाने सुप्रीम कोर्टात तेच पुढे केलं. पाच न्यायाधीशांनी ते मानलं नाही. घटनेने दिलेले हक्क माणसाला कबुलीने सोडून देता येत नाहीत, कारण ते केवळ त्याच्या एकट्याच्या भल्यासाठी दिलेले नसतात, असं त्यांनी म्हटलं. उपजीविका हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, हेही तिथेच. विनानोटीस झोपडी काढता येते असं कायदा म्हणत असला, तरी सर्वसाधारणपणे माणसाचं आधी ऐकून घ्यायला हवं, हेही तिथेच. गंमत अशी की एवढं सांगून कोर्ट पुढे म्हणतं, तुमचं म्हणणं आम्ही इथे भरपूर ऐकलं, आता आयुक्तांनी वेगळं ऐकायची गरज नाही. ते वाचताना मला तेव्हाही राग आला होता आणि आजही येतो.

आमच्या न्यायाधीशांनी अंगठ्यांचा कागद बाजूला ठेवला. रीतसर नोटीस द्या, म्हणणं ऐका, मग ठरवा, असा हुकूम झाला. फार मोठा विजय नव्हता तो. पण पाट्या राहिल्या, आणि पुढे जागा आखून देण्यावर बोलणी झाली. ज्यांच्या नावावर तो निकाल आहे, त्या मुंबईच्या माणसांना फुटपाथ मिळाला नाही. १९७६ च्या गणतीतल्यांना मालवणीला किंवा अन्यत्र जागा द्यावी असं कोर्टाने म्हटलं खरं, पण ती हलवण्याआधी दिलीच पाहिजे अशी अट घातली नाही. तारकुंड्यांचं देणं मोजताना त्यांचे ते पक्षकारही मला मोजावे लागतात.

त्यानंतर मी त्यांच्याविषयी मिळेल ते वाचत गेलो. आणीबाणीनंतर जयप्रकाशांच्या पुढाकाराने आंध्रातल्या चकमकींच्या चौकशीसाठी समिती नेमली गेली. अध्यक्ष तारकुंडे, सचिव हैदराबादचे वकील कन्नबिरन. मेडक जिल्ह्यातल्या गिराईपल्लीच्या जंगलात जुलै १९७५ मध्ये मारले गेलेले चार तरुण चकमकीत मेले नव्हते, त्यांना झाडांना बांधून गोळ्या घातल्या होत्या, असा समितीचा निष्कर्ष निघाला. हायकोर्टाचा माजी न्यायाधीश साक्षीपुराव्यासाठी गावोगाव जातो, हे वाचल्यावर मीही दावा दाखल करण्याआधी जागा बघायला जाऊ लागलो. त्याआधी माझी वकिली टेबलावरच चालायची.

सगळंच काही जमलं नाही. १९७७ नंतर त्यांनी कमाईची वकिली सोडली आणि लोकहिताचं काम तेवढं ठेवलं. माझं घर मात्र अजून वसुलीच्या दाव्यांवरच चालतं.

२२ मार्च २००४ ला ते गेले. ऑगस्ट २०१७ मध्ये नऊ न्यायाधीशांनी खासगीपणाच्या खटल्यात १९७६ चा तो निकाल चुकीचा ठरवला. तसं लिहिणाऱ्यांत, तेव्हा सरकारच्या बाजूने निकाल देणाऱ्या न्या. यशवंतराव चंद्रचूड यांचे चिरंजीवही होते. बार रूममध्ये दिवसभर बापलेकांचीच चर्चा रंगली. तेव्हा हरलेल्या बाजूने कोण उभं होतं, असं एका ज्युनियरने विचारलं. शांतिभूषण, तारकुंडे, सोराबजी अशी नावं मी सांगितली. त्याने तारकुंडे कोण विचारलं, तेव्हा त्याला सासवडपासून सांगायला घेतलं. दुपारची मुदत त्या नादात चुकता चुकता राहिली.