वेवजीहून ब्राँझ रँगलरला अनावृत पत्र

प्रिय ब्राँझ रँगलर,



तू म्हणजे घोड्यावर बसलेला ब्राँझचा गुराखी. ओक्लाहोमा सिटीतलं काउबॉय संग्रहालय 1961 पासून दरवर्षी उत्तम पुस्तकांना, गाण्यांना, चित्रपटांना तुझ्या रूपातला पुरस्कार देऊन गौरवतं. गुरं हाकणाऱ्यांचं जगणं कलेचा विषय आहे आणि त्याचा सन्मान त्याच मुलखात व्हावा, हा तुझ्यामागचा विचार मला मनापासून पटतो.

आमच्या वेवजीचा तलासरी-डहाणूचा पट्टाही कष्टकऱ्यांचा आणि कलावंतांचा. मान आम्हालाही मिळाला. गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांना वारली चित्रांसाठी 1976 मध्ये राष्ट्रीय पुरस्कार आणि 2011 मध्ये पद्मश्री मिळाली. 2026 च्या पद्म यादीत जव्हारचे तारपावादक भिकल्या लाडक्या धिंडा आहेत. ऊर भरून येतो. पण धिंडांनी तोवर नव्वदी गाठली होती. दिल्लीची नजर पाड्यापर्यंत पोहोचायला हयात जाते.

धिंडा वाजवतात तो तारपा, म्हणजे फुंकून वाजवायचं वाद्य, करणं सोपं नाही. भोपळा वाळवून कोरायचा, बांबूच्या नळ्या बसवायच्या, ताडाच्या पानांचा कर्णा वळायचा आणि सांधे मेणाने बुजवायचे. मग वादक मधे उभा राहतो आणि सूर बदलला की भोवती फेर धरून नाचणाऱ्यांची पावलं बदलतात. तारपा घडवणाऱ्या हातांना कोण विचारतं? लग्नघरी तांदळाच्या पिठाने चौक, म्हणजे लग्नाचं चित्र, लिहिणाऱ्या सुवासिनींना आणि गाणी म्हणत लग्न लावणाऱ्या धवलेरीला कोण विचारतं? तिच्यावाचून लग्न लागत नाही, पण पुरस्कारांच्या यादीत तिला शोधावं लागतं.

तुझ्याकडेही असंच घडलं. गुराख्यांत मेक्सिकन वाकेरो होते, कृष्णवर्णीय होते. पडद्यावर मात्र वर्षानुवर्षं एकच गोरा चेहरा दिसला. मान कोणाला द्यायचा हे ठरवताना आपण कोणाला विसरायचं हेही ठरवत असतो.

म्हणून तुझी दरवर्षीची शिस्त आम्ही घ्यावी आणि तुझ्याकडची चूक टाळावी. तलासरीत दरवर्षी एक सोहळा व्हावा. निवड पाड्यातल्या जाणत्या बायाबापड्यांनी करावी. वादक, तारपा घडवणारा, चौक लिहिणाऱ्या बाया, सगळ्यांना हातपाय चालते असतानाच मान मिळावा, सोबत शिष्य तयार करण्यापुरते पैसेही. आणि पहिला मान धवलेरीचा.

तुझा स्नेही,
वेवजीचा एक रहिवासी